शून्याच्या मागे लागल्यावर: नव्या रीफ टँकमधल्या शेवाळाचं एक प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टँकमधल्या नऊ टर्बो स्नेलपैकी, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायींपैकी, सहा मेले. त्याच आठवड्यात पाण्यातलं नायट्रेट शून्य होतं, फॉस्फेट शून्य होतं आणि दगडांवरचं हिरवं केसाळ शेवाळ पांढरं पडून गळून चाललं होतं. नुसती नोंदवही वाचणाऱ्याला वाटलं असतं की टँक अखेर सुधारला. मलाही चार दिवस तसंच वाटत होतं.

खाऱ्या पाण्याचा नवा टँक लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या वर्षात शेवाळ गाठतं. त्यात विशेष काही नाही. पण त्यावर आपण जे उपाय करतो त्यांनी टँकचं किती नुकसान होतं, हे मला फेब्रुवारी ते ऑक्टोबर या नऊ महिन्यांत कळलं. म्हणून हे सगळं नोंदवहीतल्या आकड्यांसकट लिहिते आहे.

टँक, दगड आणि पाणी

घर पुण्यात, बाणेर भागात, चौथ्या मजल्यावर. टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली संप, म्हणजे टँकला जोडलेली दुसरी टाकी. दगड आणि वाळूची जागा वजा करून सगळं मिळून साधारण १९० लिटर पाणी. पाणी फिरवणारे दोन पॉवरहेड, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा एक प्रोटीन स्किमर, वर एलईडी. क्षारता ३५. चिलर परवडणारा नव्हता म्हणून उन्हाळ्यासाठी पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे पंखे. हे पंखे पुढे गोष्टीत येणार आहेत.

प्रवाळांपैकी मी फक्त मऊ जाती ठेवते: मशरूम, झोअँथिड, एक लेदर. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ते समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा. मालवणला पाण्यात तोंड बुडवून ज्याने ते जिवंत बघितले आहेत त्याला त्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा मी उचलत नाही.

त्यामुळे दगडही कृत्रिम हवे होते. एका गृहस्थांनी सहा वर्षं चालवलेला टँक बंद केला होता. सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून बनवलेले त्यांचे २२ किलो सच्छिद्र दगड गॅलरीत पोत्यात आठ महिने वाळत पडले होते. ते मी अर्ध्या किमतीत आणले, नळाखाली ब्रशने घासले आणि रचले. घासताना खाचांमधून वाळलेल्या, काळपट झालेल्या जिवांचे अवशेष निघत होते. एकदा उकळून काढावेत असंही मनात आलं होतं. ते केलं नाही हे माझं नशीब, आणि इथे थांबून सांगते: वापरलेले दगड कधीही उकळू नका. झोअँथिडमध्ये, विशेषतः त्यांच्यातल्या पॅलिथोआ प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. दगड उकळल्यावर ते वाफेबरोबर हवेत येतं. परदेशात अशा प्रकाराने अख्खी कुटुंबं रुग्णालयात भरती झाली आहेत. घासतानासुद्धा हातमोजे आणि चष्मा घाला.

पाणी मी स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं वापरलं. आरओ म्हणजे शुद्ध, इतकाच माझा विचार होता.

तपकिरी धूळ

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाणी भरलं. अठराव्या दिवशी वाळूवर तपकिरी धूळ बसली. हे डायाटम. काचेवर बोट फिरवलं की पिठासारखे पुसले जातात. प्रत्येक नव्या टँकमध्ये येतात आणि त्यांना लागणारी सिलिका संपली की आपोआप जातात, कारण डायाटमचं कवच सिलिकाचंच असतं. चौतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा क्लाउनफिशची एक जोडी आणि पाच हर्मिट खेकडे सोडले. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

पण पंचावन्नाव्या दिवशीही धूळ गेली नाही. सकाळी वाळू उपसून स्वच्छ करायची आणि संध्याकाळी ती पुन्हा तपकिरी. मुंबईतले एक जुने रीफवाले आहेत, वीसेक वर्षं टँक ठेवतात, मी त्यांना दादा म्हणते. त्यांना फोन केला. त्यांनी टँकबद्दल काहीच विचारलं नाही.

"अगं, तुझ्या मशीनमधून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस किती?"

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मी मोजलाच नव्हता. मीटर आणला. ७८ निघाला.

"बाजूला एक छोटा स्क्रू असेल बघ. टीडीएस अ‍ॅडजस्टर. तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, चव यावी म्हणून. माणसाला ते चांगलं. तुझ्या टँकला नाही."

घरगुती मशीनची ही गोष्ट आपल्याकडे टँक लावणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेंब्रेन चांगलंच असतं, पण त्यातून निघालेल्या पाण्यात मेंब्रेनला वळसा घालून आलेलं पाणी मुद्दाम मिसळलं जातं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरवेलचं आणि टँकरचंही पाणी येतं. दख्खनचा काळा पाषाण वजनाने जवळजवळ अर्धा सिलिकाच असतो, आणि त्याच्या भेगांत मुरलेल्या पाण्यात ती थोडी थोडी उतरते. शिवाय नायट्रेट. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं असं आपलं मानक सांगतं. माणसाला चालतं ते शेवाळाला मेजवानी.

आता ते पंखे. पंखे चालू असले की माझ्या टँकमधून रोज चार लिटर पाणी उडून जायचं आणि मी तेवढंच त्या मशीनचं पाणी वरून घालायचे. बाष्प होऊन जातं ते फक्त पाणी. त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. साठ दिवसांत २४० लिटर, म्हणजे टँकभर पाण्यापेक्षा जास्त. लिटरला ७८ मिलिग्रॅमच्या हिशेबाने जवळजवळ १९ ग्रॅम क्षार आणि सिलिका मी चमच्याने आणून टाकावेत तसे टाकले होते. समुद्राच्या पाण्यातल्या मिठापुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण शेवाळाला मीठ नको असतं. त्याला जे हवं ते नेमकं या १९ ग्रॅममध्ये होतं.

वेगळं आरओ बसवलं, मिसळणी नसलेलं, आणि त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणारी डीआय रेझिनची नळी. पाणी शून्य टीडीएसचं झालं. तीन आठवड्यांत डायाटम ओसरले. या प्रकरणातली ही एकच गोष्ट पहिल्या फटक्यात नीट झाली.

हिरवे केस

डायाटम ओसरत असतानाच, एप्रिलच्या मध्यावर, दगडांच्या कडांना हिरवी लव दिसू लागली. दोन आठवड्यांत ती बोटभर लांब झाली आणि प्रवाहात केसांसारखी हलू लागली. मशरूमवर सावली पडायला लागली. झोअँथिडची एक वसाहत तर चारी बाजूंनी वेढली गेली आणि उघडेनाशी झाली. एक काडी काढून भिंगाखाली बघितली: साधा धागा, पिसासारख्या फांद्या नाहीत. पिसासारखी असती तर ते ब्रायोप्सिस, आणि त्याची चिकित्सा वेगळी. माझं साधं केसाळ शेवाळच होतं.

फॉस्फेटचा थेंबांचा किट शून्य दाखवत होता. नायट्रेट २. खायला काहीच नाही तर हे वाढतंय कशावर, हा प्रश्न मला आठवडाभर छळत होता. त्याचं उत्तर दोन भागांत मिळालं.

पहिला भाग किटचा. माझ्या किटच्या रंगपट्टीवर शून्यानंतरची पायरी थेट ०.२५ मिलिग्रॅम होती. रीफ टँकमधला सगळा खेळ ०.०२ ते ०.२ च्या दरम्यान चालतो, म्हणजे त्या किटला तो दिसणारच नव्हता. हॅना कंपनीचा फॉस्फरस मोजणारा छोटा चेकर उसना आणला. तो फॉस्फरस अब्जांशात दाखवतो. फॉस्फेट हवं असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. चेकरवर ५९ आले. म्हणजे ०.१८ मिलिग्रॅम. आणि हे एवढं शेवाळ दिवसभर खाऊन उरलेलं. शेवाळाच्या आत अडकलेलं फॉस्फेट कुठलाच किट मोजत नाही. त्यामुळे टँक हिरवागार आणि किट शून्य, हे चित्र दिसलं तर मी आता दगडांवर विश्वास ठेवते.

दुसरा भाग दादांनी करायला लावला. रचताना उरलेले दोन दगड गॅलरीतच होते. एका बादलीत ताजं खारं पाणी केलं, फॉस्फेट मोजलं: शून्य. त्यात तो एक दगड आणि एक छोटा पंप टाकून बादली झाकून अंधारात ठेवली. पाच दिवसांनी चेकरवर १३१. म्हणजे ०.४०.

बादलीत मासा नव्हता, खाणं नव्हतं, प्रकाश नव्हता. फॉस्फेट दगडातूनच येत होतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटतं. पाण्यात ते जास्त असलं की दगड ते धरून ठेवतो, पाण्यात कमी झालं की सोडतो. सहा वर्षांच्या जुन्या टँकमध्ये भरपूर खाणाऱ्या माशांसोबत राहिलेल्या दगडांनी ते पोटभर साठवलं होतं. वर खाचांमध्ये वाळलेले जीव पाण्यात भिजून कुजत होते. मी २२ किलो खत रचून त्यावर दहा तास उजेड पाडत होते.

या चाचणीला पाच दिवस आणि एक बादली लागते. दगड टँकमध्ये रचण्याआधी ती केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

इथे आईचा उल्लेख करायला हवा. मी ऑफिसात असताना मासे तीच बघते. गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांचा) तुकडा वितळवून, त्या पाण्यासकट ती दिवसातून तीनदा घालत होती. तिचं बरोबरच होतं, मासे खरोखर काचेपाशी येऊन मागतात. मी तिला सांगितलं की आपल्या दोन माशांचं पोट त्यांच्या डोळ्याएवढं असतं. तेव्हापासून दिवसातून एकदा, आणि वितळलेलं पाणी गाळून. पण मोठा स्रोत दगड होते, आईचा हात नव्हे. हे मी तिलाही सांगितलं, कारण ती उगाच मनाला लावून बसली होती.

मे महिना: एकदम चार उपाय

दादांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. रविवारी हाताने उपटायचं. स्नेल वाढवायचे. फॉस्फेट हळूहळू खाली आणायचं, महिन्याला अर्धं. एका वेळी एकच बदल आणि मग पंधरा दिवस थांबायचं.

मी नऊ टर्बो स्नेल आणले. आणि मग थांबले नाही. मे महिन्याच्या मध्यावर जीएफओ, म्हणजे पाण्यातलं फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, डब्यावर लिहिलेल्या पूर्ण मात्रेत रिअ‍ॅक्टरमध्ये भरले. दहा दिवसांत तीन वेळा तीस-तीस टक्के पाणी बदललं. माशांना एक दिवसाआड खाणं. उजेड दहा तासांवरून पाचवर. हे चारही एकाच आठवड्यात सुरू केलं, कारण ती वेढलेली वसाहत रोज सकाळी बंद दिसायची आणि मला ते बघवत नव्हतं.

बाराव्या दिवशी फॉस्फेट चेकरवर शून्य. नायट्रेट शून्य. शेवाळ पांढरं पडलं. मी दादांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "शून्य? लगेच जीएफओ अर्धं काढ." मला ते पटलं नाही. मी काढलं नाही.

तपकिरी शेंबूड

त्यानंतर तिसऱ्या दिवशी वाळूवर आणि दगडांवर पुन्हा तपकिरी थर आला. डायाटम परत आले असं वाटून मी दुर्लक्ष केलं. पण हा थर पिठासारखा नव्हता. शेंबडासारखा होता, लोंबत्या तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी दिवे लागण्याआधी जवळजवळ नाहीसा, दुपारी तीनपर्यंत दाट. मग स्नेल उलटे पडायला लागले. पहिल्या दिवशी दोन, आठवड्यात सहा.

हे नक्की काय आहे याच्या दोन परीक्षा आहेत. एक घरच्या घरी होते. थराचा नमुना टँकच्याच पाण्यात घालून बाटलीत जोरात हलवायचा, कॉफीच्या गाळणीच्या कागदातून गाळायचा आणि गाळलेलं स्वच्छ पाणी तासभर उजेडात ठेवायचं. त्यात पुन्हा तारा आणि गुठळ्या जमल्या तर ते डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो: पाण्यात पोहणारे एकपेशीय जीव. माझ्या पेल्यात पाऊण तासातच जाळं तयार झालं.

दुसरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाची, आणि ती टाळू नये, कारण डायनोंमध्येही जात बघून उपाय बदलतो. माझी भाची बी.एस्सी.ला आहे. तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत चारशे पटीत थेंब ठेवला आणि मला व्हिडिओ पाठवला. "मावशी, बघ, थेंबाच्या आकाराचे आहेत आणि टोकाला बांधल्यासारखे जागच्या जागी गरगर फिरतायत." हे ऑस्ट्रिऑप्सिसचं वर्णन. ही जात विषारी असते. तिचा थर खाऊन स्नेल मरतात. पण तिची एक सवय आपल्या कामाची आहे: अंधार झाला की ती पृष्ठभाग सोडून पाण्यात तरंगते. अँफिडिनियम हा दुसरा प्रकार असता तर तो वाळूतच दडून बसला असता, आणि मी पुढे जे केलं त्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नसता.

डायनो आले कुठून? ते आधीपासून होतेच, बहुतेक कुठल्यातरी प्रवाळाच्या तुकड्याबरोबर आलेले. मी फक्त त्यांच्यासाठी रान मोकळं केलं. नव्या टँकचे दगड म्हणजे नांगरून उघडी टाकलेली जमीन. त्यावर कुणीतरी उगवणारच. जीवाणूंचे थर, साधं शेवाळ, पुढे दगडाला घट्ट चिकटणारं जांभळं कोरॅलाइन शेवाळ, सगळे त्या जागेसाठी भांडत असतात, आणि या सगळ्यांना नायट्रेट-फॉस्फेट लागतं. मी दोन्ही शून्यावर नेली आणि सगळ्यांना एकदम उपाशी मारलं. डायनो मात्र उपासमारीत तगतात. त्यांच्यातल्या अनेक जाती प्रकाशावर जगतात, शिवाय जीवाणू गिळून पोट भरतात. हिरवं शेवाळ मेल्यावर जी जागा रिकामी झाली ती चार दिवसांत त्यांनी घेतली.

समुद्रातल्या प्रवाळभित्तींवर नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्यच असतं, मग टँकमध्ये का नको, असं मला वाटायचं. पण तिथे पाण्यातून प्लवकांचा रतीब दिवसरात्र चालू असतो, आणि शेवाळ कमी असतं ते मुख्यतः खाणारे खूप असतात म्हणून. कॅरिबियन समुद्रात १९८३ साली डायडेमा जातीच्या काळ्या, लांब काट्यांच्या समुद्री साळींमध्ये (सी अर्चिन) साथ आली आणि वर्षभरात त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मेल्या. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवले होते, उरलेल्या या साळीही गेल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या प्रवाळभित्तींचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो जेमतेम तीन टक्के उरला आणि शेवाळ चारवरून नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. त्यात वादळांचाही वाटा होता, पण वादळानंतर प्रवाळ परत उभे राहिले नाहीत ते चरणारे उरले नव्हते म्हणून. हे वाचल्यावर मला माझी चूक नीट दिसली. मी पाण्याच्या मागे लागले होते, आणि स्नेल मात्र नऊ आणून गप्प बसले होते.

जून-जुलै: परत वर

डायनो आहेत हे कळलं त्याच संध्याकाळी जीएफओ काढलं. पाणी बदलणं थांबवलं. ताजा सक्रिय (अ‍ॅक्टिव्हेटेड) कोळसा टाकला, पाण्यात सुटलेलं विष ओढून घ्यावं म्हणून, आणि तो दर चार दिवसांनी बदलला. उरलेले तीन स्नेल आणि खेकडे वेगळ्या बादलीत हलवले.

नायट्रेट वर आणायला शुद्ध सोडियम नायट्रेट वापरलं. १९० लिटरमध्ये २६० मिलिग्रॅम घातलं की नायट्रेट एक मिलिग्रॅमने वाढतं. मी रोज ५२० घालत होते. पहिले तीन दिवस दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा शून्य. कुणीतरी खात होतं, आणि ते चांगलंच लक्षण होतं. आठव्या दिवशी ५ वर स्थिरावलं. फॉस्फेटसाठी मला काहीच घालावं लागलं नाही. दगडांनीच ते सोडायला सुरुवात केली, पाच दिवसांत ०.०४, अकराव्या दिवशी ०.०९. ज्या दगडांना मी महिनाभर दोष देत होते त्यांनीच या वेळी हात दिला. आईला सांगितलं, आता पुन्हा दोनदा खाणं घाल. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

मग अंधार. तीन दिवस, बहात्तर तास, टँकला चहूबाजूंनी जाड चादरी. त्याच वेळी अठरा वॅटचा यूव्ही, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारा अतिनील दिवा, आणि त्याचं पाणी संपमधून न घेता थेट टँकमधून घेऊन परत टँकमध्येच सोडलेलं, कारण डायनो तरंगतात ते टँकमध्ये. प्रवाह मुद्दाम मंद ठेवला. स्किमर आणि पॉवरहेड अखंड चालू, प्राणवायू कमी पडू नये म्हणून. मऊ प्रवाळांना तीन दिवसांचा अंधार सोसतो.

चौथ्या दिवशी चादरी काढल्या तेव्हा वाळू पांढरी होती. आठवडाभरात एका कोपऱ्यात पुन्हा तारा आल्या. त्या रोज दुपारी बारीक नळीने ओढून फिल्टर सॉकमध्ये गाळत राहिले. यूव्ही चालूच ठेवला. तीन आठवड्यांनी भाचीने पुन्हा तीन थेंब बघितले. एकातच दोन सापडले. जुलैच्या अखेरीस एकही नाही.

हिरवं पुन्हा, या वेळी बेताने

डायनो गेले तशी हिरवी लव परत आली. मला तिचा आनंद झाला. तिला हरवायचे मार्ग मला माहीत होते.

दर रविवारी पंप बंद करायचे, टूथब्रशला शेवाळाचा झुबका गुंडाळायचा, ओढायचा आणि दुसऱ्या हातातल्या नळीने सुटलेले धागे तिथल्या तिथे ओढून घ्यायचे. नळी नसली तर प्रत्येक तुटका धागा नव्या जागी रुजतो. उपटलेलं पिळून वजन केलं. पहिल्या रविवारी १८० ग्रॅम, मग १४०, ११०, ६०. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी १५. या प्रत्येक ग्रॅमबरोबर दगडांमधलं थोडं फॉस्फेट कायमचं बाहेर गेलं. शेवाळ म्हणजे आपल्याला फुकट मिळालेला फिल्टर, फक्त तो वेळेवर उपसायला हवा. तेच तत्त्व धरून संपमध्ये कीटोमॉर्फा या शेवाळाचा गोळा ठेवला आणि त्याचा दिवा रात्री लावला. वाढायचंच असेल तर तिथे वाढ.

स्नेल हळूहळू वाढवत बारा केले. लॉनमोअर ब्लेनी नावाचा एक शेवाळ खाणारा मासा आणला, तो दिवसभर दगड खरवडत असतो. तीन फुटांच्या टँकमध्ये सर्जनफिश ठेवू नये. शेवाळ कितीही खात असला तरी त्याला पोहायला एवढी जागा पुरत नाही. सप्टेंबरात दगड साफ दिसायला लागले तेव्हा उलटी काळजी सुरू झाली, म्हणून स्नेल आणि ब्लेनीसाठी आठवड्यातून दोनदा नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी क्लिपला लावते. चरणारे उपाशी मेले तर पुन्हा तेच चक्र.

जीएफओ मी वाईट मानत नाही. ऑगस्टमध्ये डब्यावरच्या मात्रेच्या एक अष्टमांश पुन्हा घातलं, दर तीन दिवसांनी मोजत. फॉस्फेट जुलैच्या अखेरीस ०.१४, ऑगस्टच्या अखेरीस ०.११, सप्टेंबरात ०.०९, ऑक्टोबरात ०.०७. नायट्रेट ५ ते ८. पाणी आठवड्याला दहा टक्के बदलते. उजेड आठ तास. ०.०५ च्या खाली फॉस्फेट गेलं तर जीएफओ बंद करायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

ऑक्टोबरात पॉवरहेडच्या मागे आणि दोन दगडांच्या सावलीतल्या बाजूला जांभळे ठिपके दिसले. कोरॅलाइन. नखाने खरवडलं तरी निघत नाही, आणि जिथे ते बसलं आहे तिथे केसाळ शेवाळ अजून उगवलेलं नाही. वेढलेल्या झोअँथिडच्या वसाहतीतली अकरा तोंडं वाचली होती. आता सतरा आहेत.

डाव्या कोपऱ्यासाठी मला अजून चारपाच किलो दगड हवे आहेत. तेही वापरलेलेच मिळाले. ते गॅलरीत झाकलेल्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात आहेत, पंप चालू, दर रविवारी पाणी बदलून. पहिल्या आठवड्यात चेकरवर ११२ आले होते. काल सातवा आठवडा, ४८. अजून ते आत नेलेले नाहीत.